मोडीत की बोटीत

ता. ९ फेब्रुवारी १९३७, भोर

नैरोबीहून यांचं पत्र. चार पानं, त्यातली तीन सामानाची. "एप्रिलच्या सुरुवातीची बोट धरावी. दोन ट्रंका व एक लाकडी पेटी, यापलीकडे काही आणू नये. बाकी सर्व विकून टाकावे. भांडी तर मुळीच नकोत, इकडे जर्मनची हलकी भांडी मिळतात. पुन्हा भोरास बिऱ्हाड करावयाचे नाही हे ध्यानात ठेवून विकावे."

शेवटचं वाक्य तीनदा वाचलं. चार वर्षं झाली यांना तिकडे रेल्वेच्या कचेरीत लागून. मध्ये रजेवर आले होते, सहा आठवडे माझ्या हातचा मेतकूट-भात खाल्ला, तेव्हा एका शब्दानं बोलले नाहीत की बिऱ्हाड मोडायचंय. सोळा वर्षांचं बिऱ्हाड, आणि म्हणे जर्मन, ते पांढरं ॲल्युमिनम!

कुसुमला विचारलं, आफ्रिकेला जायचं ना? म्हणाली, "तिथं शाळा आहे का?" बारा वर्षांची झाली. आनंद झालाय पण दाखवत नाही. बापासारखीच आतल्या गाठीची.

ता. १३ फेब्रु.

फळ्यांवरची सगळी भांडी खाली काढली. स्वैपाकघरात पाय ठेवायला जागा नाही. शेजारच्या यमुताई डोकावल्या. "काय गं, माघात दिवाळी?" पत्राचं सांगितलं तशा उंबऱ्यावर बसल्याच.  मग म्हणाल्या, "झाऱ्या तेवढा मला दे हो. तुझा झाऱ्या चांगलाय." आणि हसल्या.

या दोन खोल्यांत राहायला आले त्या दिवशी चूल पेटवायला विस्तव यमुताईंकडून आणला होता. सतरा वर्षांची मी, फुंकणी धरायची पण अक्कल नव्हती. त्यांनी हातातून घेतली, फुंकर घातली, आणि भाताला आधण ठेवूनच गेल्या. आंबेमोहोर होता, विंझरचा, आमच्या शेतीच्या वाट्याचा. गल्लीभर वास. आता नैरोबीत कसला तांदूळ मिळतो देव जाणे.

ता. १४ फेब्रु.

आज फक्त तपेल्याविषयी लिहिते.

माझं लग्न ठरलं तेव्हा बाबा कामथडीहून गाडी जुंपून पुण्याला गेले, तांबट आळीत दोन दिवस ठाण मांडून तांब्याचं तपेलं घडवून घेतलं, वर नाव घालूनच आणलं. टिंबाटिंबांनी: 'चि. मथू हिचे लग्नाप्रीत्यर्थ.' आणि लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं 'सुशीला'. झालं! सासूबाईंचं तोंड बघण्यासारखं. सुनेचं नाव एक, तपेल्यावर दुसरंच. बाबांना आधी नाव विचारून घ्यायचं सुचलं नाही. म्हणाले, "खोडायचं तर तांबं झिजतं. राहू द्या, विहीणबाई."

सोळा वर्षं रोज त्यात आंघोळीचं पाणी तापवलं. कु. लहान असताना त्यातच बसायची. बाबा गेले, आई गेली, कामथडीचं घर चुलतभावांकडे. मला मथू म्हणणारं आता कोणी नाही. लिहिलेलं तर दुसरीकडे कुठंच नाही, शाळेत मी गेलेच तीन इयत्ता.

बाकी सगळं जाऊ दे. हे मोडीत घालायचं की बोटीत, एवढंच मला ठरवायचंय. वितीनं मोजलं. निम्मी पेटी एकटं खाईल. कु. म्हणते, "आत मसाले भरू की." शहाणी. पण वजन? यांनी तीन ठिकाणी 'वजन' शब्दाखाली रेघ मारलीय.

ता. १७ फेब्रु. रथसप्तमी.

हळदीकुंकू. यंदा वाण विकत कशाला आणायचं, म्हटलं घरातल्याच वाट्या लुटाव्यात. चिंचेनं लखलखीत घासल्या. पहिल्या दोघी-तिघींनी मुकाट घेतल्या. मग एकीनं उलटी करून पाहिली, बुडाला पोचा. "वापरलेली का हो?"  मेल्याहून मेल्यासारखं झालं. यमुताईंनी दोन वाट्या उचलल्या, पदरात टाकल्या, "तिच्या हातच्या आमटीची चव लागलीय त्यांना, नव्यांना कुठली?" निभावून नेलं. पण माझंच चुकलं. वापरलेलं वाण देतात का कुठं! बिऱ्हाड मोडताना माणसाची बुद्धीही मोडते.

ता. २३ फेब्रु.

पासपोर्टाच्या फोटोसाठी काल पुण्याला गेलो. फोटोवाला म्हणे, "बाई, हसू नका." मी कुठं हसत होते? कु. हसत होती, तिला नाही बोलला. येताना कापूरहोळला मोटार अर्धा तास थांबली, चाकात हवा भरायला. उतरून उभी राहिले. एक रस्ता भोरकडे, एक साताऱ्याला, मागं पुणं. लग्न होऊन आले तेव्हा याच फाट्यावर वऱ्हाडाच्या गाड्या सुटल्या होत्या आणि तपेलं माझ्या मांडीशी होतं, गवतात गुंडाळलेलं. प्रत्येक खड्ड्याला वाजायचं. मी रडत होते आणि ते वाजत होतं. नंतर हसू आलं होतं, मला नि गाडीवानालाही.

ता. २८ फेब्रु.

विंझरहून सरजा आली. आमचा वाटा तिचा नवरा धोंडिबा करतो. डोक्यावर तांदळाची पाटी, कमरेला पिशवी. लाकडी कपाट उघडून आत डोकं घालून पाहिलं. "वैनी, ह्यात कोंबड्या झ्याक बसतील." म्हटलं घे मग, पाटा-वरवंटाही घे, काय द्यायचं ते दे. तर हात मागं. "इकत न्हाई घ्यायाची म्या. ठिवून घ्येते."

म्हटलं, अगं, आम्ही परत यायचे नाही.

"आसं वंगाळ बोलू न्हाई. इकत घ्येतलं की मानूस तुटतं. ठिवलेलं आसलं म्हंजी येतंय कवातरी न्यायाला. न्हाई आलं तर न्हाई. पर तुटत तरी न्हाई."

कपाट गाडीत घालून नेलं. जाताना विचारलं, "तितं आफ्रिकेत डोंगार हाय का?" म्हटलं असेल. "मंग बरं." तोरण्याच्या सावलीत जन्म गेलेल्या बाईचा प्रश्न. मला नव्हता सुचला.

ता. ६ मार्च

आज तांबट आला. भोरात बसून गावोगावची मोड गोळा करतो, पुण्याला नेतो. तराजू लावला. परात, दोन घंगाळं, सतेली, पातेली, बादली, पळ्या. मी आणायची, तो टाकायचा. मनात म्हटलं, बघायचंच नाही, एक घाव दोन तुकडे. त्याला विचारलं, नावं असतात त्यांचं काय करता? "कानस फिरवली की गेलं नाव. न्हाई तर वितळतंय की सगळंच." चांगला आहे बिचारा. तपेल्याकडे बघून म्हणाला, "ह्ये जड हाय. द्येता?" नाही म्हटलं. "इचार करा. उद्या सकाळपातुर हाय मी."

फळ्या रिकाम्या. घरात बोललं की घुमतं. संध्याकाळी जेवताना वरण वाढायला डाव शोधत होते, डाव गेला होता. कु. हसली, मग मीही. 

ता. ७ मार्च

सकाळी कु. म्हणाली, "दूध कशात तापवू? ती नावाची पातेली कुठाय?" कुठल्या नावाची? "वसंताची."

ती काल तराजूत मीच टाकायला दिली होती.

आठ वर्षांपूर्वी यमुताईंच्या वसंताची मुंज झाली, त्यात आलेली ती पितळी पातेली. मुंजीनंतर त्यांनी तीत शेवयाची खीर भरून पाठवली. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. म्हटलं, दोन दिवसांनी नारळीपाक करीन, तो घालून देईन. दोन दिवसांत वसंत तापानं पडला. विषमज्वर. अकराव्या दिवशी गेला. नऊ वर्षांचा.

मग ती पातेली कशी द्यायची? सुतकात गोड घालता येत नाही, रिकामी देता येत नाही. महिनाभरानं देऊ म्हटलं, महिन्यानंही धीर झाला नाही. त्यांनी मागितली नाही. एक दिवस घाईत मी तीत दूध तापवलं, मग रोजच. बुडाची काजळी नावापर्यंत चढली. मी विसरले. खरंच विसरले. भांडी घासते ती कु., तिला रोज नाव दिसायचं. "मला वाटलं तुला ठाऊक आहे," म्हणाली. 

तांबटाच्या बिऱ्हाडी धावले. तांबडं फुटतानाच गाडी जुंपून गेला. कापूरहोळला मुक्काम करणार, म्हणे. मोटार गेलेली. यमुताईंच्या दारावरून परत येताना मान खाली घातली.

ता. ८ मार्च

पहिल्या मोटारीनं कापूरहोळ. फाट्याजवळ लोहाराच्या दुकानामागं तांबटाची गाडी. लांबूनच आवाज. मोगरीनं भांडी ठोकून चपटी करत होता. पोत्यात चपटी जास्त बसतात.

सांगितलं काय झालं ते. त्यानं मोगरी खाली ठेवली. तीन पोती जमिनीवर उलटी केली, एकेक पत्रा मला दाखवत गेला. माझी परात ओळखू येईना. पातेली सापडली. चपटी, काठ आत वळलेला. पण नाव दिसत होतं. 'चि. वसंत याचे मुंजीप्रीत्यर्थ.'

"ठोकून उठीवतो," म्हणाला, "पर पानी धरनार न्हाई. चिरलीया."

नको म्हटलं. पैसे घेईना. "मुंजीचं हाय. म्या न्हाई घ्यायचा." वाटेत पाणी प्यायला बरोबर घेतलेला माझा जुना तांब्या होता, तोच जबरदस्तीनं त्याच्या हातात दिला. येताना मोटारीत पातेली मांडीवर. शेजारची बाई म्हणाली, "तवा का?" हो म्हटलं.

ता. १० मार्च

काल दिवसभर धीर झाला नाही. आज दुपारी गेले. रिकामं देऊ नये. पण चपट्यात भरणार काय? वर गुळाचा खडा ठेवला आणि गेले.

यमुताई तांदूळ निवडत होत्या. मी सगळं सांगितलं, एक शब्द लपवला नाही. त्यांनी गुळाचा खडा उचलून सुपात ठेवला. पदरानं पातेली पुसली, नावावरून बोट फिरवलं, एकेका टिंबावरून. मी रडत होते, त्या नाही.

म्हणाल्या, "मला काय ती तुझ्याकडे आहे हे ठाऊक नव्हतं? रोज सकाळी तुझ्या दारातून दिसायची. चुलीवर, दूध वर येतंय. बरं वाटायचं गं. माझ्याकडे आली असती तर माळ्यावर गेली असती."

मग म्हणाल्या, "जा आता."

गेले.

ता. १६ मार्च

सहा दिवस यमुताई आल्या नाहीत. नळावर दिसल्या, घागर उचलून गेल्या. रागावलेल्या नाहीत, तेच वाईट. रागावल्या असत्या तर पाय धरले असते.

उरलेलं काही विकायचं नाही असं ठरवलं. विहिरीचा दोर, पाट, चौरंग, कंदील, खलबत्ता, सगळं गल्लीत ठेवायला दिलं. सरजेचं बरोबर होतं. पटवर्धनांकडे खलबत्ता, कोपऱ्यावरच्या वैद्यांकडे चौरंग. "परत आल्यावर ने हं," प्रत्येकजण म्हणतंय. "हो तर," मीही म्हणते. सगळ्यांना ठाऊक आहे, पण कोणी बोलत नाही. बरं आहे तसं.

यांना विमानाच्या टपालानं लिहिलं, सर्व विकले. खोटं लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा.

तपेल्याचंही मनाशी ठरलं. बोटीत नको, मोडीत नको. यमुताईंकडे ठेवायचं. माझं नाव इथं एखाद्या चुलीवर असलं तर मी भोरची राहिले. परत यायला निमित्त राहिलं. त्यांच्याकडेच ठेवायचं, दुसरीकडे नाही. पण त्या बोलायला हव्यात ना आधी.

ता. २६ मार्च. होळी.

दुपारी यमुताई आल्या! पुरणपोळ्या. केळीच्या पानात बांधून. भांड्यात नाही. माझ्या लक्षात आलं, त्यांच्याही लक्षात आलं माझ्या लक्षात आलं ते. "खा गरम," एवढंच. कु.च्या वेणीला फुलं माळून गेल्या.

खायचं मनात नव्हतं. तरी तीन खाल्ल्या. अन्नावर राग काढू नये.

ता. १ एप्रिल

यांचं पत्र. विमानाच्या टपालानं आलं. तिकीट झालं, बोट ११ला मुंबईहून. "मोंबाशास धक्क्यावर येतो. सर्व विकल्याचे वाचून बरे वाटले. तुझे तपेलेही विकलेस काय? त्याचे वाईट वाटू देऊ नये." म्हणजे यांना आठवलं! सोळा वर्षांत कधी त्या तपेल्याकडे पाहिल्याचं दिसलं नाही मला. आणि विकावे म्हणतात ते म्हणतातच. नवरा म्हणून काय म्हणावं या माणसाला. पत्र दोनदा वाचलं, मग उशाखाली ठेवलं.

ता. ५ एप्रिल

सुतार पेटी घेऊन आला. गोडा मसाला, मेतकूट, पापड, कुरडया, सुपारी, दोन गोधड्या, कु.ची पुस्तकं, देव रेशमी खणात. तपेल्याची जागा ठेवलीच नाही, म्हणजे मन परत डळमळायला नको. दुपारी सगळं दाबून झाकण ठोकलं. बारा खिळे. सुतार म्हणाला, "आता आफ्रिकेतच उघडायची."

ता. ६ एप्रिल

सकाळी तपेलं राखेनं घासलं, चिंचेनं घासलं, असं झळकलं की तोंड दिसावं. कडेवर धरून यमुताईंकडे गेले. रिकामं नेऊ नये म्हणून आत एक शेर आंबेमोहोर.

म्हटलं, हे तुमच्याकडे ठेवते. रोज पाणी तापवा, माळ्यावर टाकू नका.

त्यांनी तांदूळ सुपात ओतून घेतले. तपेलं माझ्याकडे सरकवलं.

"नको."

मला वाटलं अजून रागावल्यात. पातेलीबद्दल पुन्हा क्षमा मागायला लागले. त्यांनी हातानंच थांबवलं. "त्याचं काही नाही गं. ते झालं. पण हे मी नाही ठेवून घ्यायची. रोज सकाळी चुलीवर तुझं नाव बघायचं आणि पाणी तापवायचं कोणासाठी? एक नाव आहे माझ्या घरात. दुसरं नको."

मी म्हटलं, अहो, मी जिवंत आहे! नैरोबीला चाललेय, कुठं वर नाही चालले.

"ठाऊक आहे गं," म्हणाल्या. "पण मला ते दोन्ही सारखंच..."  मग माझ्या तोंडावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "मथू." नाव वाचलं होतं त्यांनी. इतकी वर्षं पाणी मागायला येताना वाचत असणार. एकदाही बोलल्या नव्हत्या.

कु.नं विचारलं, आई, तुला काय झालं? काही नाही म्हटलं.

ता. ७ एप्रिल

उद्या सकाळी सातची मोटार. ट्रंका दाराशी. पेटी दोरानं बांधून त्यांच्यावर.

सुताराकडे कु.ला पाठवलं, झाकण उघडून पुन्हा ठोकशील का? म्हणाला, "उघडीन की, पन तपेलं घालायचं तर निम्मं सामान भायेर." निम्मं म्हणजे काय काढू? गोधड्या काढू? की पापड-मसाला, ज्याची हे रजेवरून परत गेल्यापासून वाट बघतायत? की तपेलं मोडीत घालून सरळ जर्मन? तांबट परवाच गावात परत आलाय, नळावर कोणीतरी सांगितलं. मी विचारलं नव्हतं.

संध्याकाळी सुतार येईल म्हणालाय. चार वाजले. तपेलं चुलीवर आहे, कारण उद्या आंघोळीला पाणी तापवायला घरात दुसरं भांडंच उरलेलं नाही. सुताराला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.